गव्हाची सूत्रकृमी-प्रतिकारक पैदास

गव्हाच्या मुळांवर उपजीविका करणाऱ्या सूत्रकृमींची वाढ रोखणारे वाण तयार करण्याच्या प्रक्रियेस सूत्रकृमी-प्रतिकारक पैदास म्हणतात. अशा वाणांची निवड आता जनुकीय चिन्हकांच्या, म्हणजेच मार्करांच्या, साहाय्याने करता येते.

कीड व लक्षणे

हेटेरोडेरा अव्हेनी ही पुटी तयार करणारी सूत्रकृमी गहू व सातू या पिकांना उपद्रव देते. तिची सूक्ष्म पिल्ले मुळाच्या टोकाजवळून आत शिरून अन्नरस शोषतात. त्यामुळे मुळे आखूड व गुंतागुंतीची होतात आणि रोप खुरटून पिवळे पडते. मादी मेल्यावर तिच्या शरीराची तपकिरी, टणक पुटी बनते. तीत शेकडो अंडी असतात व ती जमिनीत काही वर्षे टिकून राहतात. राजस्थानात या रोगास 'मोल्या' असे नाव असून हलक्या, वालुकामय जमिनीत तो अधिक आढळतो.

प्रतिकार आणि सहनशीलता

सहनशील वाण कीड असूनही बरे उत्पन्न देतो. परंतु त्याच्या मुळांवर सूत्रकृमी वाढतच राहते व पुढील पिकास धोका उरतो. प्रतिकारक वाणाच्या मुळांवर मात्र फारच थोड्या माद्या पूर्ण वाढतात, त्यामुळे जमिनीतील किडीची संख्या घटत जाते.

चिन्हकांचा उपयोग

प्रतिकार झाडाच्या वरील भागावरून ओळखता येत नाही. पारंपरिक चाचणीत रोपे कीडग्रस्त मातीत वाढवून मुळांवरील माद्या किंवा पुट्या मोजाव्या लागतात. हे काम वेळखाऊ असते. चिन्हक हा प्रतिकारक जनुकाच्या अगदी जवळ असलेला, ओळखता येण्याजोगा डीएनएचा भाग होय. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून तो आहे की नाही हे कळते व नको असलेली रोपे आरंभीच वगळता येतात.

गव्हातील अशा जनुकांना 'क्रे' हे नाव आहे. 'क्रे १' हे गव्हाच्याच २बी गुणसूत्रावर असून, 'क्रे ३' हे एजिलॉप्स टाउशी या रानटी गवतापासून गव्हात आणले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील गहू-पैदाशीत या जनुकांच्या चिन्हकांचा वापर झाला आहे.

मर्यादा

चिन्हक म्हणजे प्रत्यक्ष जनुक नव्हे. संकरानंतर दोहोंची ताटातूट होऊन निवड चुकू शकते; दोहोंतील अंतर जितके कमी, तितका हा धोका कमी. शिवाय सूत्रकृमीचे निरनिराळे प्रकार असल्याने एका प्रदेशात प्रभावी ठरलेले जनुक दुसरीकडे निरुपयोगी ठरू शकते. म्हणून निवडलेल्या वाणाची स्थानिक कीडग्रस्त जमिनीत चाचणी घेणे, तसेच मोहरी, हरभरा यांसारख्या पिकांची फेरपालट करणे आवश्यक ठरते.