आज आमंत्रण, उद्या पुरणपोळी

जगात आता कुत्र्यांचा दिवस आहे, मांजरांचा आहे, चॉकलेटचाही आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या गावांनी लाडकं जनावर आणि लाडका पदार्थ कधीपासूनच एका सणात बांधलेत. तो सण म्हणजे श्रावण अमावास्येचा पोळा.

खरी माया दिसते आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यावर तूप-हळद चोळतात. बैल मान खाली घालून डोळे मिटतो. मग त्याच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आमंत्रण! हळद तर घरचीच. याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पोळ्याच्या दिवशी औताला सुट्टी. अंघोळ, रंगवलेली शिंगं, झूल, बाशिंग, नवी वेसण. मारुतीपुढे मंगलाष्टकं होतात आणि घरी पुरणपोळीचा पहिला घास बैलाला. शेजारच्या विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल मिरवतात.

ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या. ज्यांच्या दारात बैल नाही, ते मातीच्या जोडीला नैवेद्य दाखवतात. तुमच्या मुलांना यंदा खऱ्या जोडीपाशी घेऊन जा, आणि खांदेमळणी चुकवू नका.