हेलन : एका न संपलेल्या खटल्याची कथा

ग्रीक पुराणकथांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. ज्या देवांची देवळे ओस पडून दीड हजार वर्षे उलटली, त्यांच्या आणि त्यांच्या लाडक्या-नावडत्या माणसांच्या कथा आजही का वाचल्या जातात? या कथांतले सौंदर्य, त्यांमागची कल्पनाशक्ती, त्यांतून होणारे मानवी स्वभावाचे दर्शन अशी उत्तरे आपण ऐकत आलो आहोत. ती खोटी नाहीत. पण ती जगातल्या कोणत्याही चांगल्या कथेला लागू पडतात. ग्रीक कथांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा कमी होते. या कथांना शेवटचा, अधिकृत असा पाठ कधी मिळालाच नाही. त्यामुळे त्यांतल्या माणसांचा न्याय कायमचा झाला नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने करावा लागला. हेलनची कथा तपासली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट दिसते.

कथेचा सांगाडा असा. हेलन ही झ्यूसची कन्या, स्पार्टाचा राजा मेनेलाउस याची पत्नी आणि मर्त्य स्त्रियांमध्ये सर्वांत देखणी. हेरा, अथीना आणि अफ्रोडाइटी या तीन देवींत सुंदर कोण, याचा निवाडा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याकडे आला. अफ्रोडाइटीने लाच म्हणून त्याला हेलन देऊ केली आणि निवाडा तिच्या बाजूने लागला. पॅरिस स्पार्टात पाहुणा म्हणून आला आणि यजमानाच्या पत्नीला घेऊन गेला. तिला परत आणण्यासाठी ग्रीकांचे आरमार निघाले. होमरच्या यादीतील जहाजांची बेरीज ११८६ भरते. दहा वर्षे वेढा पडला आणि शेवटी ट्रॉय जळाले. एवढे सर्वांना मान्य होते. वाद होता तो एकाच मुद्द्यावर : हेलन पळून गेली, की तिला पळवून नेले?

होमरच्या दोन साक्षी

सर्वांत जुनी साक्ष होमरची, म्हणजे साधारण इ.स.पू. आठव्या शतकातली. 'इलियड'मध्ये हेलन प्रथम दिसते ती मागावर बसलेली. बाहेर तिच्यासाठी युद्ध चालू आहे आणि ती त्याच युद्धाची चित्रे वस्त्रात विणते आहे. पुढे तटावर ट्रॉयचे म्हातारे तिला पाहतात. अशा स्त्रीसाठी दोन्ही सैन्यांनी हाल सोसले यात नवल नाही, तरी ती आपल्या घरी परत गेलेली बरी, असे ते आपसात बोलतात. वृद्ध राजा प्रायम मात्र तिला मायेने जवळ बोलावतो आणि दोष तुझा नसून देवांचा आहे, असे सांगतो. तिला सर्वांत कठोर शब्द लावते ती स्वतः हेलनच. आरोपी स्वतःला दोषी म्हणते आणि ज्याचे नगर तिच्यामुळे बुडणार तो तिला निर्दोष ठरवतो. होमर यावर आपले मत देत नाही.

'ओडिसी'मध्ये तर गुंता आणखी वाढतो. युद्ध संपून हेलन आणि मेनेलाउस स्पार्टात पुन्हा संसार करीत आहेत. पाहुण्यांसमोर हेलन एक आठवण सांगते : ओडिसियस वेष पालटून ट्रॉयमध्ये आला होता, मी त्याला ओळखले, तरी त्याचे बिंग फोडले नाही. लगेच मेनेलाउसही एक आठवण सांगतो. आम्ही लाकडी घोड्यात लपलो असताना हिने त्याभोवती तीन फेऱ्या घातल्या आणि आमच्या बायकांचे आवाज काढून आम्हाला हाका मारल्या! एकाच संध्याकाळी, एकाच छपराखाली, पती-पत्नींच्या या दोन साक्षी एकमेकींना छेद देतात. होमरने त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तो पुढे गेला.

देवी, दोषी, की दोन्ही?

होमरनंतरच्या कवींनी हा खटला पुन्हा उघडला. इ.स.पू. ६०० च्या सुमाराची कवयित्री सॅफो हिची एक खंडित कविता इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील उकिरड्यात सापडलेल्या पपायरसवरून १९१४ साली प्रसिद्ध झाली. जगात सर्वांत सुंदर काय, या प्रश्नावर सॅफोचे उत्तर असे की, ज्याचे ज्यावर प्रेम ते. दाखला म्हणून ती हेलन पुढे करते. पती, कन्या, आईवडील सारे मागे टाकून ती समुद्रापार गेली. निंदेचा सूर येथे नाही. प्रेमाची ओढ तिला नेते हे खरे. तरी पुरुषांच्या युद्धकथेत पळवलेली वस्तू असणारी हेलन येथे स्वतः काहीतरी हवे असणारी स्त्री होते.

याच्या अगदी उलट टोकाला गेला तो सिसिलीतील कवी स्टेसिकोरस. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात त्याची आख्यायिका येते. हेलनची निंदा केल्यामुळे त्याची दृष्टी गेली. कारण उमगताच त्याने आपले शब्द मागे घेणारी नवी कविता रचली आणि दृष्टी परत आली. या नव्या कवितेचे म्हणणे असे की, ती गोष्ट खरी नाही. हेलन जहाजात चढलीच नाही आणि ट्रॉयला पोचलीच नाही. प्लेटोच्याच 'रिपब्लिक'मध्ये स्टेसिकोरसचा हवाला देऊन असेही म्हटले आहे की, ट्रॉयला लोक लढले ते हेलनच्या निव्वळ प्रतिमेसाठी.

ही आख्यायिका चमत्कारिक वाटते, पण तिच्यामागे एक वस्तुस्थिती आहे. स्पार्टाजवळच्या थेराप्नी येथे हेलनची देवी म्हणून पूजा होत असे. तेथील उत्खननात हेलनचे नाव कोरलेले, तिला अर्पण केलेले काशाचे भांडे सापडले आहे. हिरोडोटस सांगतो की, एका कुरूप मुलीला तिची दाई रोज या देवळात नेऊन हेलनला गाऱ्हाणे घालीत असे आणि पुढे ती मुलगी स्पार्टातली सर्वांत सुंदर स्त्री झाली. जिच्यापाशी लेकीबाळींसाठी नवस बोलायचा, ती परपुरुषाबरोबर पळून गेली असे म्हणणे भक्ताला जड जाणारच. इतर नगरांत जी कलंकिनी, ती येथे आराध्य होती.

हिरोडोटसची उलटतपासणी

इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने हे प्रकरण इतिहासकाराच्या नजरेने हाताळले. इजिप्तच्या पुजाऱ्यांनी त्याला सांगितले की, पॅरिसचे जहाज वादळाने इजिप्तच्या किनाऱ्याला लागले, तेथील राजा प्रोटियसने हेलनला ठेवून घेतले आणि पॅरिसला हाकलून दिले. ग्रीकांनी ट्रॉयकडे हेलनची मागणी केली, तेव्हा ट्रॉयवासी शपथेवर सांगत राहिले की, ती आमच्याकडे नाही. ग्रीकांना ती थट्टा वाटली. नगर जिंकल्यावर हेलन तेथे खरोखरच नव्हती.

हिरोडोटसला ही हकीकत पटते आणि त्याचा युक्तिवाद व्यवहारी आहे. हेलन ट्रॉयमध्ये असती तर प्रायमने ती केव्हाच परत केली असती. पॅरिसच्या हौसेपायी आपली मुले, आपले नगर पणाला लावण्याइतका तो राजा वेडा नव्हता. म्हणजे ट्रॉय बुडाले ते खरे बोलूनही कोणाला पटले नाही म्हणून. जी वस्तू आपल्याकडे नाही, ती नाही हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न येथे पहिल्यांदा उभा राहतो.

युरिपिडीस : दोन नाटके, दोन हेलन

या साऱ्या धाग्यांचे सर्वांत धारदार विणकाम केले ते अथेन्सच्या युरिपिडीसने. इ.स.पू. ४१६ च्या हिवाळ्यात अथेन्सने मेलॉस हे छोटे बेट जिंकले, हाती लागलेल्या पुरुषांना ठार केले आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. पुढच्या वसंतात युरिपिडीसचे 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात अक्षरशः खटला चालतो. मेनेलाउस न्यायाधीश, हेलन आरोपी आणि प्रायमची विधवा राणी हेक्युबा फिर्यादी. पॅरिसला जन्म दिला तो हेक्युबाने, आणि मला नेले ते अफ्रोडाइटीने, असा हेलनचा बचाव. हेक्युबा उत्तर देते : माझा मुलगा देखणा होता, त्याला पाहून तुझे मनच अफ्रोडाइटी झाले. मेनेलाउस शिक्षा फर्मावतो, पण स्पार्टाला पोचल्यावर अमलात आणू म्हणतो. प्रेक्षकांना 'ओडिसी' पाठ होती. ती शिक्षा कधीच होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सच्या सैन्याचा संपूर्ण नाश झाला. थ्युसिडिडीसच्या म्हणण्याप्रमाणे किमान ७००० कैदी सिरॅक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. युरिपिडीसच्या ओळी म्हणून दाखवल्यामुळे काही अथेनियनांचे प्राण वाचले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे ४१२ मध्ये, याच नाटककाराने 'हेलन' हे नाटक सादर केले. आता त्याची हेलन निर्दोष आहे. सौंदर्यस्पर्धेत हरलेल्या हेराने पॅरिसच्या हाती हवेतून घडवलेली प्रतिमा दिली आणि खरी हेलन इजिप्तमध्ये पतीची वाट पाहत बसली. ट्रॉयहून परतताना मेनेलाउसचे जहाज तेथेच फुटते. फाटक्या वस्त्रांतला विजेता खऱ्या पत्नीसमोर उभा राहतो, आणि ज्या 'हेलन'साठी दहा वर्षे लढलो ती आकाशात विरून गेल्याची बातमी त्याच्या माणसाकडून कळते. म्हणजे आम्ही एका ढगासाठी मेलो का, हा त्या साध्या माणसाचा प्रश्न नाटकाच्या सुखान्त शेवटानंतरही मागे उरतो. नाटकात सिसिलीचे नाव कोठेही नाही. ज्यांच्या घरचे कोणी परतले नव्हते, त्या प्रेक्षकांना त्या नावाची गरज होती असे वाटत नाही.

मराठी वाचकाला येथे 'अध्यात्म रामायणा'तली मायासीता आठवेल. वाल्मीकींत नसलेली ही कल्पना : रामाच्या सांगण्यावरून खरी सीता अग्नीत राहते, रावण तिची छाया नेतो आणि अग्निदिव्यातून खरी सीता परत येते. या साम्याचा सविस्तर विचार वेंडी डॉनिगर यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. दोन्हीकडे युक्ती एकच आहे. परिणाम मात्र वेगळा होतो. रामाला सारे आधीच ठाऊक असते आणि रावणवधाचे प्रयोजन छायेमुळे डळमळत नाही. मेनेलाउसला काहीच ठाऊक नसते. युरिपिडीस हेलनचा कलंक धुतो तेव्हा तोच कलंक युद्धावर जाऊन बसतो.

निकाल का लागत नाही?

एकच नाटककार तीन वर्षांत एकाच स्त्रीविषयी दोन विरुद्ध गोष्टी सांगतो आणि त्याला कोणी पाखंडी म्हणत नाही, हे कसे घडले? ग्रीकांच्या धर्मात सर्वांना बंधनकारक असा ग्रंथ नव्हता आणि कोणती कथा खरी हे ठरवणारे धर्मपीठही नव्हते. शिवाय अथेन्समध्ये दर वसंतात डायोनायसस देवाच्या उत्सवात नाटकांची स्पर्धा होई; तीन नाटककार बहुधा जुन्याच कथा घेऊन हजारो नागरिकांपुढे उभे राहत. कथा सर्वांना माहीत असल्यामुळे काय घडणार याचे कुतूहल कमी असे. आपला कवी त्याचे कारण काय सांगतो, याकडे सारे लक्ष.

अर्थात या मुभेला मर्यादा होती. परंपरेने आलेल्या कथा मोडता येत नाहीत, क्लायटेम्नेस्ट्राला ओरेस्टिसनेच मारले पाहिजे, पण त्या कथा कौशल्याने वापरणे कवीच्या हाती आहे, असे ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'त सांगतो. हेलनच्या बाबतीतही ट्रॉय पडतेच आणि ती मेनेलाउसकडे परततेच. घटना पक्क्या आणि दोष मोकळा, अशी ही रचना आहे. कथा ओळखू येण्याइतकी स्थिर राहते आणि तिच्यावर वाद घालता येण्याइतकी सैल.

म्हणूनच तिला नवे वकील मिळत गेले. १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'फाउस्ट'च्या दुसऱ्या भागात गटेने हेलनला मध्ययुगीन जर्मन मनाची जोडीदारीण केले. स्मर्नात जन्मलेला आणि ज्याचे जन्मगाव १९२२ मध्ये उद्ध्वस्त झाले असा ग्रीक कवी जॉर्ज सेफेरिस याने १९५५ च्या संग्रहातील 'हेलन' या कवितेसाठी युरिपिडीसची ढगाची हेलनच निवडली. डेरेक वॉल्कॉटच्या 'ओमेरोस' (१९९०) या महाकाव्यात हेलन ही सेंट लुशिया बेटावरची कृष्णवर्णीय मोलकरीण आहे आणि तिच्यासाठी कोळी भांडतात. युरोपीय सत्तांनी ज्या बेटासाठी वारंवार लढाया केल्या, त्या बेटालाच 'वेस्ट इंडीजची हेलन' म्हणत.

२००३ साली संहारक शस्त्रांचे कारण देऊन इराकवर आक्रमण झाले. शस्त्रे आमच्याकडे नाहीत, हे तेथील सरकारचे म्हणणे मानले गेले नाही आणि नंतर ती सापडली नाहीत. हिरोडोटस वाचलेल्या माणसाला त्या वेळी ट्रॉयचे शपथा घेणारे लोक आठवले असतील, तर त्यात अतिशयोक्ती नाही. तुलना सर्व बाजूंनी जुळते असे नव्हे. पण युद्धाचे कारण आणि युद्धाचे निमित्त यांतले अंतर मोजण्यासाठी या कथेइतके जुने आणि अजूनही उपयोगी पडणारे माप दुसरे क्वचितच सापडेल.

ग्रीक पुराणकथांचे आकर्षण टिकले ते त्यांत अंतिम सत्य सांगितले आहे म्हणून नव्हे. त्यांनी दोन्ही बाजूंच्या साक्षी जपल्या आणि निकालाची जागा कोरी ठेवली. 'इलियड'मधल्या हेलनच्या मागावर युद्ध विणले जात होते, एवढेच होमर सांगतो. त्या वस्त्रात तिने स्वतःला कोठे दाखवले होते, की दाखवलेच नव्हते, हे त्याने सांगितलेले नाही.