७ किती वेळा येतो? मोजू नका, हिशोब करा!

आजचा प्रश्न असा. सोसायटीत १ ते २७५ नंबरची पार्किंग आहेत आणि पाट्यांवर लावायला सुटे पितळी आकडे आणायचेत. तर ७ चे नग किती घ्यायचे?

एकेक नंबर तपासत बसू नका. एका वेळी एकच स्थान धरा.

एकक स्थान: दर दहा नंबरांत ७ एकदा येतो. २७० पर्यंत २७ वेळा. पुढे २७७ येण्याआधीच आपण थांबलो.

दशक स्थान: दर शंभरात ७० ते ७९, म्हणजे १० वेळा. दोन शंभरांचे २०. वर २७० ते २७५ चे ६. पाच नाही हं, सहा! एकूण २६.

शतक स्थान: ७०० पर्यंत पोचलोच नाही. शून्य.

बेरीज ५३. ७७ मधले दोन्ही ७ यात आले, कारण आपण पाट्या नाही, आकडे मोजतोय.

फक्त १०० ते २७५ हवेत? ९९ पर्यंतचे २० वजा करा, उरले ३३. वजा ९९ पर्यंतचे करायचे, कारण १०० आपल्याला हवाय.

आता कोडिंगकडे. मर्यादा एकावर अठरा शून्य असेल, तर सेकंदाला शंभर कोटी नंबर तपासूनही लूपला ३१ वर्षांहून जास्त लागतील. आपल्या पद्धतीत स्थानं फक्त १९, म्हणजे छोटे हिशोबही १९.

फक्त ० मोजताना जपा. आपण ७ ला ००७ लिहीत नाही, म्हणून पुढची शून्यं धरायची नाहीत.

आता १ ते २७५ मध्ये २ किती, ते काढून बघा!