मुतखडा निघाला, नळी राहिली

पाच मिलिमीटरहून लहान मुतखडा बहुधा आपोआप पडतो. आघातलहरींनी खडा फोडण्याचा उपचार १९८० साली म्युनिकमध्ये सुरू झाला. त्यात चिरा लागत नाही. पण खडा कठीण असला तर तुकडे मागे राहू शकतात. लघवीच्या मार्गाने दुर्बीण नेऊन लेसरने फोडल्यास एकाच खेपेत सुटका होण्याची शक्यता अधिक. दोन सेंटिमीटरहून मोठा खडा पाठीतल्या छोट्या छिद्रातून काढणे सरस, रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा जास्त.

खरी गफलत पुढे होते. खडा काढल्यावर लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली स्टेंटची नळी, दुखणे थांबले की रुग्ण विसरतात. महिनोन्महिने राहिली तर तिच्यावरच क्षार साचतात आणि ती काढायला वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची तारीख मागूनच घ्यावी.