विश्लेषण : यंत्राने रचलेल्या कवितेला कला म्हणावे का?

कविता माणसाची की यंत्राची, हे सामान्य वाचकाला ओळखता येत नाही, असे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या दोन संशोधकांना आढळले. त्यांचा अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ओळखता आली नाही म्हणून ती कविता कला ठरते का?

प्रयोग काय होता?
शेक्सपियर, एमिली डिकिन्सन, टी. एस. एलियट आदी १० कवींच्या कविता आणि त्यांच्या शैलीत ‘चॅटजीपीटी ३.५’ने रचलेल्या कविता १,६३४ जणांपुढे ठेवल्या गेल्या. अचूक उत्तरे ४६.६ टक्के. नाणेफेकीवर निर्णय सोपवला असता, तरी निकाल थोडा बरा लागला असता!

यंत्राची कविता का आवडली?
दुसऱ्या प्रयोगात वाचकांनी यंत्राच्या कवितांना अधिक गुण दिले. संशोधकांच्या मते, या कविता सोप्या असतात आणि भाव थेट पोहोचवतात. खऱ्या कवींची गुंतागुंत मात्र अनेकांना यंत्राची गफलत वाटली. ‘ही यंत्राची कविता आहे’ असे आधीच सांगितल्यावर मात्र गुण घसरले. शब्द तेच, पण वाचक शब्दांमागचा माणूसही जोखत होता.

हे नवे आहे का?
नाही. जर्मनीत थिओ लुट्झ यांनी १९५९ मध्येच ‘झेड २२’ संगणकाकडून काव्यसदृश वाक्ये तयार करून घेतली. त्यासाठीचे शब्द काफ्काच्या ‘द कॅसल’ कादंबरीतून घेतले होते. शब्दसंग्रह आणि वाक्यांचा साचा माणसाने ठरवला. जुळणी यंत्राने केली. आजचे प्रारूप अफाट मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द स्वतःच निवडते.

मग कवी कोण?
भारतीय कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित साहित्यकृती जी व्यक्ती घडवून आणते, ती तिची कर्ता. पण कायद्याने कर्ता ठरणे वेगळे आणि कवी असणे वेगळे. पिट्सबर्गच्या प्रयोगात प्रत्येक कवीच्या शैलीतील यंत्राच्या पहिल्या पाच कविता निवड न करता तशाच घेतल्या होत्या. तिथे एकही शब्द कुणी खोडला नव्हता.

निकष कोणता?
वाचक फसला की नाही, हा कलेचा निकष होऊ शकत नाही. यंत्राने दिलेल्या ओळींतून कुणी निवड केली, काटछाट केली आणि ‘हाच शब्द का’ याचे उत्तर देण्याची जबाबदारी घेतली, तर यंत्र हे साधन ठरते आणि कलेला वाव राहतो. एक आज्ञा देऊन आलेला मजकूर स्वतःच्या नावावर खपवला, तर तो वाचनीय असू शकेल. पण त्याला कवी नसतो.