द्विशक्ती रेल्वे इंजिन : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
रेल्वेचे विद्युतीकरण टप्प्याटप्प्याने होत असल्याने अनेक ठिकाणी एकाच मार्गाचा काही भाग विद्युतीकृत, तर उर्वरित भाग डिझेलवर अवलंबून असतो. अशा सीमेवर इंजिन तरी बदलावे लागते किंवा प्रवाशांना गाडी बदलावी लागते. या अडचणीवरील उपाय म्हणून द्विशक्ती इंजिन पुढे आले. प्रस्तुत लेखात न्यू यॉर्क परिसर व माँट्रियल येथील अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

संकल्पना :
१९७५ पासून पश्चिम रेल्वेवर आलेली डब्ल्यूसीएएम-१ इंजिने १५०० व्होल्ट डीसी व २५ किलोव्होल्ट एसी या दोन्ही प्रणालींवर चालत. तथापि त्यांना दोन्हीकडे वीज तारेतूनच मिळे. द्विशक्ती इंजिन मात्र तार किंवा तिसरा रूळ असेल तेथे बाहेरून वीज घेते आणि नसेल तेथे स्वतःच्या डिझेल यंत्राने जनित्र फिरवून ती निर्माण करते. चाके फिरविणाऱ्या मोटारी दोन्ही वेळी त्याच असतात.

पार्श्वभूमी :
जानेवारी १९०२ मध्ये न्यू यॉर्कच्या पार्क अव्हेन्यू बोगद्यात धूर व वाफेने झाकोळलेल्या वातावरणात दोन गाड्यांची टक्कर होऊन किमान १५ प्रवासी मृत्युमुखी पडले. १९०३ च्या कायद्याने तेथे वाफेच्या इंजिनांवर १९०८ पासून बंदी आली. पुढे १९५६ ते १९६० या काळात न्यू हेवन रेल्वेने डिझेल व तिसरा रूळ या दोहोंवर चालणारी ६० एफएल-९ इंजिने घेतली.

आधुनिक उदाहरण :
न्यू जर्सी ट्रान्झिटसाठी २००८ मध्ये मागविलेल्या बाँबार्डियर कंपनीच्या एएलपी-४५डीपी इंजिनात प्रत्येकी २१०० अश्वशक्तीची दोन डिझेल यंत्रे आहेत. ट्रान्सफॉर्मर व डिझेल यंत्रे एकाच सांगाड्यात सामावल्याने त्याचे वजन सुमारे १३० टन झाले. रॅरिटन व्हॅली मार्गावरील प्रवाशांना न्यूअर्कला गाडी बदलावी लागे. मार्च २०१४ पासून या इंजिनांमुळे काही गाड्या थेट न्यू यॉर्कपर्यंत जाऊ लागल्या. परंतु ही सोय कमी गर्दीच्या वेळेपुरतीच होती, कारण हडसन नदीखालील १९१० च्या बोगद्यांत दोनच रूळमार्ग आहेत. ज्या नोकरदारांना थेट गाडीची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती मिळाली नाही.

माँट्रियलनेही अशी २० इंजिने घेतली. मात्र २०२० मध्ये तेथील माउंट रॉयल बोगदा नव्या मेट्रोच्या कामासाठी बंद झाला आणि या इंजिनांची विद्युत यंत्रणा विनावापर राहिली.

निष्कर्ष :
द्विशक्ती इंजिन प्रवाशांचा त्रास कमी करते, हे निर्विवाद आहे. परंतु ते अपुऱ्या रूळमार्गांची उणीव भरून काढू शकत नाही. मुंबईतील डीसी प्रणाली २०१६ पर्यंत एसीमध्ये परिवर्तित झाल्यावर द्विप्रणाली इंजिनांचे प्रयोजन संपले. तात्पर्य, अशा इंजिनांवर सार्वजनिक निधी खर्च करण्यापूर्वी त्या मार्गाच्या पुढील तीस वर्षांच्या नियोजनाचा विचार होणे अगत्याचे आहे.