मनुष्यविक्रीविरुद्ध नेमलेला राजदूत

राजदूत म्हटला म्हणजे तह, खलिते आणि मेजवान्या एवढेच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु अमेरिकेने 2000 साली एक कायदा करून आपल्या परराष्ट्र खात्यात मनुष्यविक्रीच्या प्रतिबंधासाठी निराळी कचेरी स्थापिली, व पुढे तिच्या प्रमुखास राजदूताचा दर्जा दिला. हा राजदूत कोणा एका राजधानीत राहावयाचा नव्हे. सर्व देश हेच त्याचे कार्यक्षेत्र. माणसास एका देशात फूस लावावी व दुसऱ्या देशात राबवावे, अशी या धंद्याची रीत. आणि पोलिसाचा हात तर सरहद्दीपाशीच थांबतो. म्हणून हे काम राजदूताकडे आले.

2001 पासून ही कचेरी निरनिराळ्या देशांची प्रतवारी लावणारा अहवाल काढू लागली. खालच्या वर्गातील देशांची काही मदत रोखता येते. 2011 साली भारत देखरेखीच्या यादीतून निघून दुसऱ्या वर्गात आला. परक्याने आपणांस गुण द्यावेत हे कित्येकांस रुचत नाही. आणि खुद्द परीक्षकाने आपली उत्तरपत्रिका 2010 पर्यंत तपासलीच नव्हती, हेही खरे! तथापि परीक्षक कसाही असो, प्रश्न खोटा ठरत नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, या गोष्टीशी आम्हां तेलगावकरांचा काय संबंध? तर सरहद्द ओलांडणे हे या गुन्ह्याचे लक्षणच नव्हे. माणसाची मोकळीक हिरावून त्यास राबविणे, हे त्याचे मर्म. गावाशेजारी साखर कारखाना असूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागांतील जोडपी कोयता घेऊन सांगली-कोल्हापुराकडे, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फेडावयाची असते. हंगामाअखेर बाकी राहिली की ती पुढल्या सालावर चढते. उचल घेणे हा काही गुन्हा नव्हे, व प्रत्येक मुकादम दुष्ट असतो असेही आम्ही म्हणत नाही. परंतु बाकीच्या नावाखाली मजुरास अडवून ठेविले, दुसरीकडे कामास जाऊ दिले नाही, अथवा त्याच्या मुलास ओलीस धरिले, म्हणजे उचलीची वेठ झाली.

डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मनुष्यविक्री व वेठ या दोहोंस एकत्रच मनाई केली आहे. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने तर पोटाच्या निकडीने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीदेखील सक्तीच होय, असा निर्णय दिला. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरविले असून अंमलबजावणीचा भार जिल्हाधिकाऱ्यांवर टाकिला आहे. आमच्या मते त्यातील सर्वांत मोलाची तरतूद अशी की, मजुराने 'हे वेठीचे कर्ज आहे' असे म्हटले, म्हणजे तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते.

तरीही आपल्यापाशी टिपण असलेले बरे. उचल कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती घेतली, रोज किती टन ऊस तोडला, व किती रक्कम वळती झाली, एवढे वहीत मांडिले तरी पुरे. सातवीतील मुलामुलींस हा हिशेब सहज लिहिता येईल.